वरीलप्रमाणे

धाकटी साठीला टेकली होती. पण थोरली बहीण खुटखुटीत असेपर्यंत माणसाचं धाकटेपण काही सुटत नाही, आणि थोरली तर अजून जिना चढताना एकेक पायरी गाळायची. त्यामुळे नात्यात, शेजारात आणि त्या दोघींच्या स्वतःच्या मनातसुद्धा ही धाकटीच राहिली. इथेही तिला तेच म्हणू.

तिची ओळख करून द्यायची तर एका सवयीपासून सुरुवात करावी लागेल. ती दुसऱ्याच्या चुका पोटात घालायची. लोक हे कौतुकाने सांगत, पण पुढची हकीकत ठाऊक असलेल्याची जीभ इथे जरा अडखळते. पेपरवाल्याने भलताच पेपर टाकला तर ती तोच वाचून काढायची. शिंप्याने एक बाही लांब शिवली, तर ती आतून दुमडून घ्यायची आणि वर त्याला सांगायची, छान बसलंय. एकदा नवऱ्याने चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. त्याने स्वतःचा पहिला घोट घेऊन थुंकेपर्यंत हिचा अर्धा कप संपला होता.

"घरात पूर आला तरी तू म्हणशील, पाणी बिचारं चुकून आत आलं," नवरा म्हणायचा. तो बस डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. सैल नट दिसला की त्याचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे जायचा. अशा माणसाने अशा बाईबरोबर जन्म काढला, यात कोणी कोणाला जास्त सांभाळून घेतलं हे सांगणं अवघड आहे.

धाकटीची नोकरी शहराच्या पाणीखात्यात, संगणक विभागात. विभाग म्हणजे तळघरातली एक खोली. भिंतीपलीकडे पंप घरघरायचे, आणि टेबलावरची पेन्सिल हळूहळू आपोआप कडेकडे सरकत जायची. शहरभरच्या टाक्यांवरून आणि पंपांवरून आकडे तिथे यायचे. पण प्रत्येक कंपनीच्या यंत्राची तऱ्हा वेगळी. कोणी तारीख आधी पाठवायचं, कोणी शेवटी, कोणी पाठवायचंच विसरायचं. विभागातले बाकीचे लोक कंपन्यांच्या नावाने बोटं मोडत बसले. धाकटीने मात्र एक छोटा प्रोग्राम लिहिला. बाहेरून येणारा प्रत्येक निरोप तो दारातच वाचायचा, वेडावाकडा असला तरी त्याचा अर्थ लावायचा आणि नीटनेटका करून आत सोडायचा. तिने त्याला नाव दिलं 'दरवान'. दरवानाने कोणालाच अडवू नये हे जरा उलटंच झालं, पण ते तिला कधी खटकलं नाही.

मग तिने तो इंटरनेटवर ठेवून दिला, ज्याला हवा त्याने फुकट घ्यावा म्हणून. लोकांनी घेतला. आधी दुसऱ्या शहरांच्या पाणीखात्यांनी घेतला, मग ग्रंथालयांनी, मग विमानतळावर सामान हलवणाऱ्यांनी, बँकांनी, हॉस्पिटलांनी. दहा-बारा वर्षांत अशी स्थिती आली की जिथे एक यंत्र दुसऱ्या यंत्राला काही सांगतं, तिथे मधल्या दारात बहुधा दरवान उभा असायचा. तो कोणी लिहिला हे कोणाला माहीत नव्हतं, आणि कोणी विचारतही नव्हतं. आपल्या घराखालून जाणारा नळ कोणी जोडला हे तरी आपण कुठे विचारतो?

निवृत्तीनंतरही धाकटी रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून त्याची देखभाल करायची. लॅपटॉपचं एक बटण निघालेलं होतं, तिथे नवऱ्याने रबराचा तुकडा चिकटवून दिला होता. ठिकठिकाणचे अनोळखी लोक दुरुस्त्या पाठवायचे, भांडायचे, रुसायचे. एक रिवाज सगळ्यांनी पाळला: धाकटीने खाली 'ठीक' असं लिहिल्याशिवाय एकही दुरुस्ती दरवानात जायची नाही. एवढा तो एक शब्द हीच तिची सत्ता.

आता थोरलीकडे वळू. थोरलीची रक्ततपासणीची लॅब होती, एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या दारासमोर. दोन खोल्या, पेशंटसाठी एक खुर्ची, आणि बंद पडलेल्या एका दवाखान्याकडून घेतलेलं जुनं मशीन. मशीन रक्त तपासायचं आणि रिपोर्ट तारेवरून थेट हॉस्पिटलच्या संगणकात पाठवायचं. त्याला एकच खोड होती. एका पेशंटच्या चार तपासण्या असल्या तर चार निरोप जायचे, पण पेशंटचा नंबर फक्त पहिल्यावर असायचा. पुढच्या तिन्हींवर नंबराची जागा कोरी.

हॉस्पिटलच्या दारात अर्थातच दरवान होता. कोऱ्या जागेचा अर्थ त्याला लागेना, म्हणून तो ते तीन निरोप परत पाठवायला लागला. थोरलीने धाकटीला फोन केला.

"अगं, तुझा तो रखवालदार माझे रिपोर्ट परत धाडतोय. हॉस्पिटलवाले म्हणतात, दोन दिवसांत जमलं नाही तर दुसरी लॅब बघतो. काहीतरी कर बाई."

मशीनची कंपनी केव्हाच बुडाली होती, त्यामुळे तिकडून काही होण्यासारखं नव्हतं. धाकटीने दरवानात एक नियम घातला: नंबर कोरा असेल तर आधीच्या निरोपावरचा नंबर धरायचा. कचेरीतला कारकून रजिस्टरात एकदा नाव लिहितो आणि खालच्या ओळींत 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळा होतो, तसंच. नियमाचं नावही तिने तेच ठेवलं. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट सुरळीत जायला लागले. "सुटले बाई एकदाची," थोरली म्हणाली. काय केलंस हे तिने विचारलं नाही, आणि धाकटीनेही सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवायचे नसतात, अशी तिची समजूत होती.

पण दरवान काही एकट्या थोरलीचा नव्हता. तो सगळ्यांचा होता, त्यामुळे नियमही सगळ्यांकडे गेला. कामचुकार मशीनं बनवणाऱ्यांना तर आयतंच घबाड सापडलं. पुढे पुढे नवीकोरी मशीनंही नंबर गाळून निरोप पाठवायला लागली, कारण दरवान घेतो ना सांभाळून. आणि बघता बघता ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस दुसराच एक फुकटातला प्रोग्राम कोलमडला. धाकटीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. बँका अडल्या, तिकिटं निघेनात, हॉस्पिटलांत पेशंट ताटकळले. शोध घेतल्यावर कळलं की ज्याच्यावर एवढा डोलारा उभा होता, तो प्रोग्राम एक आजारी गृहस्थ उरल्या वेळात अंथरुणावरून सांभाळत होते. मंत्र्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भाषणं झाली. नवल म्हणजे भाषणांनंतर खरोखरच काहीतरी घडलं. सार्वजनिक पैशातून एक निधी उभा राहिला. रस्ते आणि पाणी जसं सगळ्यांच्या पैशातून होतं, तसा इंटरनेटचा पायाही सगळ्यांच्या पैशातून नीट बांधायचा, असं ठरलं. आणि नुसती ठिगळं लावायची नाहीत. प्रत्येक प्रोग्रामने काय करायचं ते गणितात लिहायचं, आणि तो तेवढंच करतो, त्याहून वेगळं काही करत नाही, हे गणितानेच सिद्ध करायचं. अशा प्रोग्रामांत दरवानाचा नंबर बराच वर लागला.

धाकटीला समितीपुढे बोलावणं आलं. उंच छताच्या जुन्या सरकारी इमारतीत लांबलचक टेबलापाशी मंडळी बसली होती. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, जन्मभर पूल बांधलेल्या इंजिनियर.

"आपल्या संस्थेचं नाव?" सचिवाने विचारलं.

"संस्था नाही."

"बरं, मग काम करणारी माणसं किती?"

"मी. आणि हे मधूनमधून चहा करतात."

सचिवाने पेन उचललं आणि चहाचं काय करावं हे न कळून परत खाली ठेवलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"तुम्ही उद्या नसलात तर?"

"मी कुठे जाणार?" धाकटी म्हणाली.

"पूल बांधणारा गेला म्हणून पूल पडत नाही. तुमच्या दरवानाचं तसं आहे का?"

धाकटीने जरा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "माझं तसं नाहीये." ती बाई तिला आवडली. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा माझ्याशी नळाबद्दल बोलावं तसं बोललं." नवऱ्याला ते फारसं कळलं नाही, पण बायको खुशीत आहे एवढं कळलं.

निधीने तिच्याकडे गणिताचा एक प्राध्यापक पाठवला. चाळिशीचा, बोलायला मऊ, पाठीच्या दुखण्यामुळे स्वतःची उशी बगलेत घेऊन फिरणारा. तो रोज सकाळी यायचा, उशी खुर्चीवर ठेवायचा आणि दरवानातला एकेक नियम पुढे घ्यायचा. हा नियम का घातला? कोणासाठी? काढला तर कोणाचं अडेल? धाकटी सांगायची आणि तो आपल्या खुणांच्या भाषेत लिहायचा. तिला या कामाचा भलताच लळा लागला. आपल्या डोक्यातलं सगळं असं उलगडून विचारणारं माणूस तिला कधी भेटलंच नव्हतं. बरेच नियम सिद्ध झाले, काही निरुपयोगी निघाले, आणि तिने ते हसत हसत काढून टाकले. मग 'वरीलप्रमाणे'ची पाळी आली.

"हा सिद्ध होत नाही, मॅडम," प्राध्यापक म्हणाला.

"तुमचं गणित कमी पडत असेल."

"असेलही. म्हणून आठवडाभर तेच तपासत होतो." त्याने चष्मा पुसला. "वरीलप्रमाणे म्हणजे नेमकं कशाप्रमाणे?"

"आधीच्या निरोपाप्रमाणे."

"आधी पाठवलेल्या, की आधी पोचलेल्या?"

प्राध्यापकाने एका जुन्या पाकिटाचे चार तुकडे केले. एकावर लिहिलं 'पहिला पेशंट', दुसरा कोरा ठेवला, तिसऱ्यावर लिहिलं 'दुसरा पेशंट', चौथा कोरा. टेबलावर एकाखाली एक मांडले.

"प्रत्येक निरोप आपापल्या वाटेने येतो. शंभरदा याच क्रमाने येतील. एखाद्या दिवशी एका वाटेवर गर्दी होते." त्याने तिसरा तुकडा उचलून दुसऱ्याच्या वर सरकवला. पहिल्या पेशंटचा कोरा कागद आता दुसऱ्या पेशंटच्या खाली गेला होता. "संपलं. याचं रक्त त्याच्या नावावर. इंटरनेटमध्ये 'वर' अशी जागाच नसते, मॅडम. ती कागदावर असते."

"इतक्या वर्षांत एकही तक्रार आलेली नाही," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच बारीक वाटला.

"कोण करणार तक्रार? ज्याला चुकीचा रिपोर्ट मिळाला, त्याला कुठे ठाऊक असतं तो दुसऱ्याचा आहे म्हणून? असा नंबर किती वेळा धरला, याची नोंद दरवान ठेवतो?"

"नाही."

प्राध्यापक जे सांगत होता ते तिला नवीन नव्हतं. नियम लिहिला तेव्हा लॅबपासून हॉस्पिटलपर्यंत एकच तार होती, आणि एका तारेत कोणी कोणाच्या पुढे जात नाही. तेव्हा नियम बरोबरच होता. पुढे हॉस्पिटलने आपले संगणक दुसऱ्या इमारतीत हलवले, तार निघाली, आणि रिपोर्ट इतर सगळ्या रहदारीबरोबर इंटरनेटवरून जायला लागले. हे थोरलीने बोलता बोलता तिला सांगितलंही होतं. धाकटी "बरं झालं" म्हणाली होती. त्या नियमाकडे तिने पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

प्राध्यापक उशी उचलून गेल्यावर तिला दुसरी गोष्ट सुचली. आई शेवटची काही वर्षं, तार निघाल्यानंतरही, थोरलीकडे होती. आईचं रक्तही त्याच मशीनवर तपासलं जायचं.

निधीचं म्हणणं सरळ होतं. जे सिद्ध होतं त्यालाच लोकांचा पैसा मिळेल. 'वरीलप्रमाणे' काढायचा, आणि ज्यांची मशीनं त्यामुळे अडतील ती दुरुस्त करायला किंवा बदलायला निधी मदत करेल. पण त्यासाठी रांग लागणार, आणि तोवर थोरलीचे रिपोर्ट दारातून परत जाणार. हॉस्पिटलने नवा दरवान सगळ्यांच्या आधी चाचणीला घ्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे पहिली पाळी थोरलीचीच. प्राध्यापकाने दुरुस्ती तयार करून ठेवली. खाली फक्त धाकटीने 'ठीक' लिहायचं बाकी होतं. आणि ते लिहायच्या आधी थोरलीला जाऊन सगळं सांगणं भाग होतं.

धाकटीने घोंगडं भिजत ठेवलं. आज काय तर डोकं दुखतंय, उद्या काय तर लोक रागावतील, जरा विचारून घेऊ. "इच्छा असेल त्याच्यासाठी नियम राहू द्या, नसेल त्याच्यासाठी काढा," असंही तिने प्राध्यापकाला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "ज्याचा रिपोर्ट आहे, त्या पेशंटची इच्छा कोण विचारणार?" तरीही ती 'ठीक' लिहीना. तिकडे दरवान रोज कोऱ्या जागा भरतच होता. भल्या माणसांची चालढकल ही वाईट माणसांच्या लबाडीपेक्षा जास्त काळ खपून जाते, कारण तिचा कोणाला संशय येत नाही.

शेवटी नवऱ्यालाच राहवेना.

"तुला जगाची भीती नाही वाटत," तो म्हणाला. "तुला ताईची भीती वाटते."

"तुम्हाला नाही वाटत?"

"वाटते की. पण मी तिच्या मशीनला हात लावलेला नाही." त्याने खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला. "ब्रेक ढिला आहे हे कळल्यावर आम्ही गाडी फाटकाबाहेर सोडत नव्हतो. ड्रायव्हरला वाईट वाटेल म्हणून तर नाहीच नाही."

दुपारी हॉस्पिटलची गर्दी ओसरल्यावर धाकटी लॅबमध्ये गेली. आत स्पिरिटचा वास होता. खिडकीत नळ्यांची रॅक, लाल टोपणाच्या एकीकडे, जांभळ्या टोपणाच्या दुसरीकडे. खुर्चीत एक आजोबा बाही वर करून बसले होते. थोरलीने नळीवर नंबर लिहिला आणि ती त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

"वाचा. मोठ्याने."

आजोबांनी मान मागे नेऊन एकेक आकडा वाचला.

"हातातल्या चिठ्ठीवर काय आहे?"

त्यांनी तेही वाचलं.

"तोच ना? मग ठीक." आणि त्यानंतर तिने सुई हातात घेतली. पेशंट या प्रकाराला बाईंची तोंडी परीक्षा म्हणायचे. काहीजण वैतागायचे, पण नंबर वाचून दाखवल्याशिवाय त्या खुर्चीत कोणाचं रक्त निघालं नाही. धाकटीने हे कितीदा तरी पाहिलं होतं. थोरलीचा कडक स्वभाव, यापलीकडे तिने त्याचा विचार केला नव्हता.

आजोबा कापूस दाबत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. थोरलीने नळी रॅकमध्ये उभी केली.

"बोल. तुझं तोंड सांगतंय काहीतरी झालंय."

धाकटीने सांगितलं. मशीनची खोड, कोरी जागा, तो नियम, निघालेली तार, प्राध्यापकाचे चार कागद. मध्ये एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करणं जमलं नसतं. थोरली टोपणं लावत ऐकत होती. मग तिचे हात थांबले.

"म्हणजे तू अंदाज करत होतीस? माझ्या रिपोर्टांचा?"

"मी नाही, तो नियम..."

"नियम कोणी लिहिला?"

"मी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तूच म्हणालीस, काहीतरी कर."

"काहीतरी म्हणाले. अंदाजाने कर म्हणाले नव्हते." थोरलीने हातमोजे काढले. एरवी ती आवाज चढवायची, पण आज तिने चढवला नाही. "इथे मी एक थेंब कमी पडला तर माणसाला परत बोलावते. आणि पुढे दारात तू बसून ठरवत होतीस, हे याचंच असेल म्हणून."

थोरली पेशंटच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत तिला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"आईचा तो रिपोर्ट तुला आठवतो?"

"कोणता?"

"शेवटच्या वेळचा. तिच्या हातापायांत त्राण नव्हतं, चालता चालता बसायची. मी रक्त घेतलं, चार तपासण्या लावल्या. हॉस्पिटलमधून डॉक्टरांचा निरोप आला, पोटॅशियम व्यवस्थित आहे, गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा. मी ठेवल्या. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही."

"ताई..."

"तो रिपोर्ट तिचा नव्हताच, असं मला नंतर वाटलं. आणि मी काय समजले, माहितेय? मीच नळ्या बदलल्या. त्या दिवशी बाहेर दारापर्यंत माणसं होती. आईची नळी मी दुसऱ्याच्या जागी ठेवली असणार, दुसरं काय होणार? तेव्हापासून प्रत्येकाकडून नंबर वाचून घेते मी. प्रत्येकाकडून."

"तू कधी बोलली नाहीस."

"कोणाला सांगू? सांगण्यासारखं होतं का ते?"

बाहेर आजोबा खाकरले. धाकटीला त्या वेळी रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. तिला नुसती लाज वाटत होती, अंग तापावं तशी. थोरलीचा कडकपणा सगळ्या घराने चेष्टेवारी नेला होता. आईच्या वर्षश्राद्धाला... नव्हे, नुसता आईचा विषय निघाला तरी ती उठून भांडी घासायला जायची, आणि धाकटी म्हणायची, ताईला भावनाच नाहीत.

"मग ती माझी चूक होती की तुझी?" थोरलीने विचारलं. प्रश्न खरा होता, भांडणाचा नव्हता.

"कळायला मार्ग नाही. दरवानात नोंदच नाही, ताई. तुझ्या मशीनच्या छापील पट्ट्या असतील तर..."

"तो कागद वर्षा-दोन वर्षांत पांढरा पडतो."

"मग नाही कळणार."

"कधीच?"

"कधीच नाही."

थोरलीची नजर रॅकमधल्या आजोबांच्या नळीवर गेली. मग तिने विचारलं, "तो नियम आत्ता चालू आहे?"

"हो."

"म्हणजे बाहेर बसलेत त्या आजोबांचा रिपोर्टही..."

"हो."

"मग बसलीस काय?"

धाकटीने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि नळ्या बाजूला सारून ओट्यावर ठेवला. प्राध्यापकाची दुरुस्ती तिथे वाट बघत होती. तिने खाली 'ठीक' लिहिलं आणि हॉस्पिटलच्या संगणकवाल्याला फोन करून नवा दरवान लावायला सांगितलं. पुढे महिनाभर तिला ठिकठिकाणच्या शिव्या खाव्या लागल्या. आमची गोदामं अडली, आमची यंत्रं अडली, एवढ्या वर्षांत हिला आजच कसं सुचलं. निधीने माणसं नेमून जुन्या मशीनांच्या दुरुस्त्या सुरू केल्या, आणि शिव्या देणाऱ्यांतल्या काहींनी कबूल केलं की आपल्याकडेही माल दुसऱ्याच्या नावावर जात होता, फक्त आपण त्याला चोरी समजत होतो. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी थोरलीने आजोबांचं रक्त मशीनमध्ये ठेवलं. मशीन कुरकुरलं, फिरलं. पहिला निरोप गेला. दुसरा परत आला आणि संगणकाच्या पडद्यावर एक ओळ उमटली. ती धाकटीने आणि प्राध्यापकाने मिळून लिहिली होती. थोरलीने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली.

"हा रिपोर्ट कोणाचा ते लिहिलेलं नाही. घेता येत नाही."

तिसऱ्यालाही तेच. चौथ्यालाही तेच. थोरलीने मशीनमधून छापील पट्ट्या फाडल्या, प्रत्येकीवर हाताने नंबर लिहिला, आजोबांना आत बोलावून पुन्हा एकदा वाचून घेतला आणि पट्ट्या पाकिटात घातल्या. किल्ल्या उचलून ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"एवढंच तर विचारायचं होतं तुझ्या रखवालदाराने," ती म्हणाली. "तेव्हाच विचारू का नाही दिलंस?"

"तुला त्रास नको म्हणून, ताई."

"झालाच की," थोरली म्हणाली, आणि रिपोर्ट हातात घेऊन रस्ता ओलांडून हॉस्पिटलकडे गेली.